उपाशी पट्टी

नोकरी काय करत होता, असं कोणी विचारलं की मी सांगते, गवताला जेवू घालत होते. ऐकणारा आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे गुरांना?" नाही हो, गवतालाच. गवत वाढवायचं, वाढलं की सकाळी कापायचं, कापलेलं मोजायचं आणि मोजून पुन्हा त्याला जेवू घालायचं. "मग कापायचंच होतं तर वाढवता कशाला?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नोकरीभर मला त्याचं धड उत्तर सापडलं नाही, पण काम मात्र मी जीव लावून केलं, हे आधीच सांगून ठेवते.

चंद्रपूर आणि बल्लारपूरच्या मधल्या पट्ट्यात एका कंपनीची वसाहत आहे. नाव सांगत नाही, जाणाऱ्यांनी जाणावं. तिथे साहेब लोकांसाठी गोल्फचं मैदान आहे, नऊ भोकांचं. एका अंगाला कोळशाच्या ट्रकांचा रस्ता आणि दुसऱ्या अंगाला सरळ जंगल. पांढरा चेंडू दुपारपर्यंत काळा व्हायचा आणि जास्त जोरात मारला तर वाघाच्या हद्दीत जायचा. तो आणायला कोणी जात नसे. एकदा वाळूच्या खड्ड्यात वाघाचे ताजे पंजे उमटलेले दिसले, तेव्हा एका साहेबांनी मला विचारलं, "बाई, हे आजचे की कालचे?" मी म्हटलं, "साहेब, थांबून विचारू का त्याले?" साहेब त्या दिवशी तीन भोकं खेळून घरी गेले.

आता धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भोकाभोवती साधारण चारशे चौरस मीटरचा एक गोलसर तुकडा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. बाकी मैदानात गवत कसंही असलं तरी निभावतं, ग्रीनवर नाही. तिथे गवताची उंची तांदळाच्या दाण्याहून कमी ठेवायची. गवत म्हणजे आपल्या हरळीचीच एक शहाणी बहीण. तिला रोज कापायचं, म्हणजे रोज तिच्या तोंडचा घास काढायचा, आणि म्हणून तिला नत्र द्यायचं. युरियातलं नत्र. कमी पडलं तर गवत पिवळं आणि विरळ होतं, चेंडू टणाटण उडतो. जास्त झालं तर ते माजतं, मऊ पडतं, चेंडू गादीवर पडल्यासारखा थांबतो, आणि वर बुरशी येते. माज आणि भूक यांच्या मधे एक चिंचोळी जागा आहे. त्या जागेवर गवताला वर्षभर उभं ठेवायचं, एवढंच माझं काम.

मी चामोर्शी तालुक्यातली, धानाच्या गावातली. माझे यजमान या कंपनीत पंपावर होते. ते तापाने गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं, बगिच्याच्या खात्यात. पहिल्या दिवशी मला धर्माभाऊंच्या ताब्यात दिलं.

धर्माभाऊ म्हणजे ग्रीनचे मुख्य माळी. मूल तालुक्याकडचे, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातले. उंच, काटकुळे, खांद्यावर कायम एक दुपट्टा. अक्षरओळख जेमतेम, पण गवताकडे नुसतं पाहून ते नत्र सांगायचे. किती ग्रॅम ते नाही; "आज नको," "दोन दिवसांनी," "चिमूटभर," असं. आणि ते चुकत नसत. साहेब बदलले, मैदानाचे सेक्रेटरी बदलले, पण खत टाकायच्या आधी "धर्माजी को पूछो" हे कधी बदललं नाही.

पहिल्याच सकाळी ते मला म्हणाले, "पोटावर झोप, बाई."

मी उडालेच. अंगावर साडी, नवी नोकरी, रस्त्याने सायकलवर जाणारे कामगार. म्हटलं, "भाऊ, लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, बाई पडली. उचलाले येतील. आले का त्याइलेबी झोपव." आणि ते स्वतः आडवे झाले, गाल गवताला टेकवून. "उभ्यानं पाहून गवत समजत नाई. ऊन तिरपं असलं का खरा रंग दिसते. पाय."

पाहिलं. वरून एकसारखं दिसणारं हिरवं खालून पाहिलं तर पाच-सहा रंगांचं होतं. पोपटी, धानाच्या रोपासारखं, काळपट, कुठे कुठे कावीळ झाल्यासारखं. ते मला एकेक दाखवत गेले. आमच्या झाडीपट्टीत 'ळ' म्हणायची जीभच नाही, त्यामुळे ते 'पिवरं' म्हणायचे, आणि त्या पिवऱ्याच्याही त्यांच्याकडे तीन जाती होत्या. कोरडं पिवरं, उपाशी पिवरं आणि दुखण्याचं पिवरं. नत्र फक्त दुसऱ्याला.

पहिल्या महिन्यात मी एक पराक्रम केला. आमच्याकडे धानाच्या बांधीत खत फेकताना घमेल्यात उरलेलं खत कोणी घरी परत नेत नाही. शेवटच्या कोपऱ्यात झटकून मोकळं होतात. हाताला लागलेली सवय ती. तिसऱ्या ग्रीनवर माझं फेकून झालं, घमेल्यात दोन मुठी उरल्या, आणि मी त्या कोपऱ्यात झटकल्या. आठ दिवसांनी तिथे मधोमध जळालेला आणि कडेने गडद हिरवा असा घमेल्याएवढा डाग उठला. साहेब लोक खेळताना त्या डागावर नेम धरायला लागले. सेक्रेटरी लाल होऊन आले. धर्माभाऊ मधे पडले, "साहेब, बाई नवी हाये, गवत जुनं हाये. ते सांभारून घेईल." नंतर मला एकटीला म्हणाले, "हे धान नाई वो. याले लेकरावानी चमच्यानं भरवा लागते. पुन्हा घमेला झटकला तं त्याच घमेल्यात बसवून तुले चामोर्शीले पाठवीन."

चमच्याने भरवणं म्हणजे खरोखर तसंच, त्या दिवसापासून घमेलं बंद. एका ग्रीनला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास युरिया, काट्यावर तोलून, पाण्यात विरघळवून, पाठीवरच्या पंपाने फवारायचा, तोही दर आठवड्याला गवत पाहून. आमच्या गावातल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल बाईचं डोकं फिरलं.

बरीच वर्षं अशी गेली. मग नागपूरहून एक मॅडम आल्या, गवत शिकलेल्या. त्यांनी आम्हाला तीन गोष्टी दिल्या. पहिली एक मीटर, टॉर्चसारखा. गवतावर धरला की हिरवेपणाचा आकडा दाखवायचा. दुसरी, आतून लिटरच्या रेघा मारलेली बादली. कापायच्या मशीनच्या डब्यात जमलेलं गवत रोज त्या बादलीत ओतायचं आणि किती भरलं ते वहीत लिहायचं. गवत जास्त वाढायला लागलं की नत्र कमी करायचं, वाढ मंदावली की थोडं द्यायचं. तिसरी गोष्ट उपाशी पट्टी. नवव्या ग्रीनच्या मागच्या कडेला एक मीटर रुंदीची पट्टी आखायची आणि तिला नत्र अजिबात द्यायचं नाही. फवारताना तिच्यावर प्लायवूडच्या फळ्या टाकायच्या. बाकीचं ग्रीन त्या पट्टीशी ताडून पाहायचं. दोन्हींच्या रंगात फरक किती, यावरून दिलेलं खत किती कामी आलं ते कळतं.

मीटर आणि बादलीचं भाऊंना काही वाटलं नाही. पहिलं वर्षभर तर ते आधी आकडा न पाहता "आज नको" म्हणायचे आणि मग मी मीटर लावायचे. मीटरही नको म्हणायचा. मॅडम पुन्हा आल्या तेव्हा हे पाहून त्यांनी भाऊंना वाकून नमस्कार केला. भाऊ इतके लाजले की दुपट्टा तोंडावर घेऊन पंपघरात निघून गेले.

पण ती पट्टी त्यांच्या जिवाला लागली. "बाजूच्यानं जेवाचं अन् यानं पाहाचं? कोन्या धरमात बसते हे?" मी समजवायचे की भाऊ, ती मरत नाही, नुसती फिकी राहते, तिच्यामुळे बाकीच्यांचं माप कळतं. ते ऐकायचे आणि जाता जाता त्या पट्टीवरून हात फिरवायचे.

आता मुख्य गोष्ट. भाऊंच्या निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. त्या पावसाळ्यानंतर मीटरने मला वेगळंच सांगायला सुरुवात केली. पट्टी आणि बाकीचं ग्रीन जवळजवळ सारखंच हिरवं! म्हणजे खत न देताही गवत खुशाल. मी हिशेबाने खत थांबवलं. पंधरा दिवसांत बादली निम्म्यावर आली. गवत वाढेना. मीटर म्हणतो पोट भरलेलं, बादली म्हणते उपाशी. खरं कोणाचं मानायचं? मी मीटरचे सेल बदलले. बादलीची भोकं तपासली. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, पुन्हा मोजा.

उलगडा केला चितळांनी. जंगलातून चितळं रोज पहाटे यायची, आणि कुठल्या गवतात नत्र जास्त आहे हे त्यांना आमच्या सगळ्यांआधी कळायचं. गोड लागतं ना त्यांना. एके सकाळी पाहिलं तर नवव्या ग्रीनवर चितळांच्या खुरांची सगळी दाटी त्या उपाशी पट्टीवर. बाकी ग्रीनला तोंडही लावलेलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. कोणीतरी पट्टीला चोरून जेवू घालत होतं, आणि ते कोण हे शोधायला काही पोलीस लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तासभर लवकर गेले. उजाडत होतं. भाऊ पट्टीपाशी उकिडवे बसून टमरेलातून युरियाचं पाणी थेंब थेंब शिंपत होते.

"भाऊ! काय करून राह्यले हे?"

ते दचकले, पण उठले नाहीत. "पाहवत नाई वो मले. पाय किती पिवरी पडली हे. महिना झाला पाजून राह्यलो, तरी पिवरीच."

मी पट्टीकडे पाहिलं. सबंध मैदानात त्या पट्टीएवढं गर्द हिरवं गवत दुसरीकडे कुठेही नव्हतं. काळपट म्हणावं इतकं हिरवं, माजलेलं, पायाखाली लचलच करणारं.

"भाऊ," मी म्हटलं, "अन् ते बाकीचं ग्रीन?"

"तेबी पिवरं. सारंच पिवरं पडलं यंदा. तुये मशीन काय सांगते, राम जाने."

 मी वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आजवर रोज पाहत होते, पण डोळ्यांत पाहिलं नव्हतं. दोन्ही बाहुल्यांवर जुन्या काचेसारखी मातकट साय आली होती. मोतीबिंदू. तो माणूस जगाकडे पिवळ्या काचेतून पाहत होता.

आता तुम्ही म्हणाल, दरवर्षी तपासणी होत असेल ना? होत होती. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं तोच. पुढचा माणूस मोठ्याने वाचायचा, मागचे ऐकायचे. भाऊंना तो पाढ्यासारखा पाठ होता. वरून खाली म्हणून दाखवायचे, मग खालून वर. आम्ही खोखो हसायचो. सगळ्यात जास्त मी.

"भाऊ, तुमच्या डोऱ्यात मोतीबिंदू हाये. ऑपरेशन करून घ्या. आजकाल वीस मिन्टाचं काम."

ते एकदम उभे राहिले. त्यांचा मामा कधीकाळी कुठल्याशा शिबिरात डोळा दाखवायला गेला होता आणि तो डोळा गमावून आला होता. ती गोष्ट भाऊंच्या मनात घट्ट बसलेली. "नाई. डोऱ्याले हात लावू देनार नाई मी. अन् तू कोनाले सांगू नको. हाफिसात समजलं तं अनफिट करून घरी बसवतीन. घरी बसून काय करू मी? दोन वर्स राह्यले. गवतावरूनच जाऊ दे मले, बाई." आणि त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. ज्याने मला गवत कसं पाहायचं ते शिकवलं, त्याने.

मी त्यांचे हात खाली केले आणि कबूल झाले. चुकले. इथे लिहिते म्हणून सोपं वाटतं, पण तेव्हा मला वाटलं होतं मी फार मोठं पुण्याचं काम करते आहे.

त्या दिवसापासून आमचं नाटक सुरू झालं. मैदानाचे सेक्रेटरी तेव्हा मेहरोत्रासाहेब होते. माणूस चांगला, पण उतावळा. रोज सकाळी काठी फिरवत यायचे आणि विचारायचे, "धर्माजी, आज कैसा है?" मी मागे मशीन पुसत उभी. बादली आणि मीटर मी आधीच पाहून ठेवलेले. एकदा खोकले की "आज नको," दोनदा खोकले की "थोडं द्या." भाऊ मोठ्या ऐटीत पोटावर झोपायचे, गाल गवताला टेकवायचे, माझ्या खोकल्याची वाट पाहायचे आणि मग निकाल द्यायचे. साहेब मान डोलवायचे. एकदा मला खरंच सर्दी झाली तेव्हा भाऊंनी एका दमात तीनदा निकाल फिरवला. साहेब म्हणाले, "धर्माजी, तय कर लो." भाऊ म्हणाले, "साहेब, गवतच तय करून नाई राह्यलं."

हसू यायचं हो. साहेबांची पाठ वळली की आम्ही पंपघरात जाऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. ग्रीन तर इतकी सुंदर होती त्या दीड वर्षात की बाहेरचे लोक फोटो काढायचे. माझ्या मापाने चाललेली, त्यांच्या नावाने. याचा मला आतून गर्वही होता, खोटं कशाला बोलू. आणि त्या गर्वापायी मला हे दिसलं नाही की भाऊ आता पायरी चाचपून उतरतात, चहाचा कप हाताने शोधतात, आणि समोरून आलेल्या माणसाला तो बोलेपर्यंत ओळखत नाहीत. दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण सांभाळून नेते आहे ना मी, असं स्वतःला सांगत राहिले.

त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले असताना हिवाळी कप आला. दोन दिवसांनी बाहेरचे पाहुणे खेळायला येणार. मेहरोत्रासाहेब त्या सकाळी आधीच पोचलेल्या दोन पाहुण्यांना घेऊन नवव्या ग्रीनवर आले आणि येताच मला म्हणाले, "कुसुमबाई, पंपघर की चाबी ले आओ, मेहमानों को पंप दिखाना है." मी गेले. जायला-यायला पाच मिनिटं.

परत आले तेव्हा साहेब फोनवर स्टोअरला सांगत होते, सगळ्या ग्रीनला आजच्या आज दुप्पट खत. भाऊ गवतावरून उठून कपडे झटकत होते. साहेबांनी विचारलं होतं, कैसा है, आणि भाऊ बिचारे खोकल्याची वाट पाहून पाहून शेवटी आपल्या डोळ्यांना दिसलं तेच बोलले होते: "पिवरं हाये, साहेब. लई भुकेलं."

 वहीत त्या आठवड्याची बादली चढती होती. वर दुप्पट युरिया पडला असता तर दोन दिवसांत कुठे जळकं, कुठे माजलेलं, आणि कप गेला असता मातीत. मी म्हटलं, "साहेब, नको. गवताचं पोट भरलेलं आहे. ही वही बघा."

साहेब हसले. "कुसुमबाई, आप की वही ठीक है. लेकिन धर्माजी ने देखा है. इनकी आँख के सामने मशीन क्या चीज है?" पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बत्तीस साल से यही आँख चल रही है यहाँ."

मी भाऊंकडे पाहिलं. बोलावं तर त्यांना उघडं पाडायचं, तेही पाहुण्यांसमोर. गप्प बसावं तर त्यांनीच वाढवलेलं गवत त्यांच्याच शब्दाने मरणार.  मी नुसती तिथे उभी, हातात चावी. खोकलेसुद्धा नाही. आणि माझ्या त्या गप्प बसण्यातून भाऊंना काय ते कळलं. त्यांनी माझ्या मघाच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"बाई, हिरवं हाये का?"

"हिरवं हाये, भाऊ," मी म्हटलं. "चांगलं हिरवं हाये."

 मग खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला आणि साहेबांसमोर सरळ उभे राहिले. "साहेब, खत नका टाकू. मले दिसत नाई. दीड-दोन वर्स झाली, मले सारं पिवरंच दिसते. हे ग्रीन मी नाई केले. हे सारे बाईनं केले. मी नुसता झोपत होतो."

  साहेबांनी आधी फोन कानाला लावून खत थांबवलं. मग भाऊंच्या अगदी जवळ गेले, त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. मला वाटलं आता ओरडतील. पण ते म्हणाले, "पागल आदमी. मेरी माँ का मोतियाबिंद का ऑपरेशन इसी महीने हुआ. सत्तर की है. दूसरे दिन सुई में धागा डाल रही थी." आणि माझ्याकडे वळून, "और आप? आप तो पढ़ी-लिखी हैं."

ती थप्पड मला पुरी पडली. भाऊंचं ऑपरेशन व्हायला हवं होतं ते माझ्या नाटकापायी दीड वर्ष लांबलं होतं. मामाच्या डोळ्याची भीती त्यांची होती, हे खरं. पण मी एकदा, फक्त एकदा त्यांचा हात धरून चंद्रपूरला नेलं असतं तर ते आले असते. माझं ते ऐकायचे. मी खोकत बसले.

कप पार पडला. चौथ्या दिवशी मी भाऊंना चंद्रपूरला नेलं. बाहेर बाकावर ते माझा हात इतका दाबून बसले होते की माझी बोटं पांढरी पडली. "बाई, डोरे गेले तं?" "गेले तं मी खोकीन," मी म्हटलं. ते हसले आणि आत गेले. वीस नाही, पंचवीस मिनिटं लागली. महिन्याने दुसरा डोळा. साहेबांनी कागदपत्रं अशी लावली की भाऊ तेवढे दिवस रजेवर राहिले आणि अनफिटचा शिक्का बसला नाही. त्यासाठी मी त्या माणसाला दुवा देते.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी भाऊ मैदानावर आले. काळा चष्मा, डोक्याला दुपट्टा. वाकायचं नाही अशी ताकीद होती, त्यामुळे पोटावर झोपणं बंद. मी त्यांना नवव्या ग्रीनवर नेलं. ऊन तिरपं होतं. त्यांनी चष्मा काढला.

बराच वेळ ते पाहत राहिले. मग पट्टीकडे बोट केलं. पट्टीला आता कोणी चोरून पाजत नव्हतं. "हे उपाशी." मग ग्रीनकडे. "हे जेवलेलं." मी मीटर लावला नाही. गरज नव्हती. ते वर पाहून म्हणाले, "आभार एवढं निरं होतं का वो? का यंदाच झालं?"

"होतंच, भाऊ."

"बापा..." ते आभाळाकडे पाहून घेत राहिले. जंगलाच्या कडेला पळस फुलले होते, तिकडे पाहिलं. आपल्या हातांकडे पाहिलं, उलटे-सुलटे करून. मग माझ्याकडे वळले आणि एकदम थांबले.

"कुसुम."

"काय भाऊ?"

"तुये केस पिकले वो. सारेच पिकले."

"वय झालं ना, भाऊ."

"कवा पिकले? मले कोनी सांगतलं नाई."

  रोज सकाळी हा माणूस माझ्यापासून दोन हातांवर उभा राहत होता. त्याला मी गवताचं सगळं सांगितलं, आणि माझ्याच तोंडाकडे पाहायची सोय त्याला इतके महिने केली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पदर तोंडावर ओढून घेतला.

भाऊंनी हात पुढे केला आणि पदर हळूच खाली केला.

"तोंड नको झाकू, बाई," ते म्हणाले. "पाहू दे मले."